नवरीचं रडणं

अदुकेच्या हातच्या वेण्या दुखल्या नाहीत तर गिऱ्हाईक पैसे द्यायला कुरकुर करायचं. गुसाऊ शहराच्या साबोन गारीत, म्हणजे परगावाहून येऊन राहिलेल्यांच्या त्या वस्तीत, वेण्या घालणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण तिच्यासारखा हात कुणाचाच नव्हता. ती केस असे आवळायची की समोर बसलेल्या पोरीच्या भुवया वर चढायच्या आणि डोळे तिरपे व्हायचे. तिच्याकडून उठलेली बाई आधी समोरच्या दुकानात जाऊन पॅरासिटामॉलची गोळी घ्यायची आणि मगच आरशात बघायची. दुकानदार उघड म्हणायचा, "माझं दुकान चालतं ते इया इबीच्या हातांवर." इया इबी म्हणजे इबीची आई, गल्ली तिला याच नावानं ओळखायची. दोन दिवस मान वळत नाही, उशीवर डोकं टेकवत नाही, असं कुणी सांगितलं की अदुके खूश व्हायची. ती तिच्या कामाची पावती होती.

इबी तिची एकुलती एक मुलगी. पूर्ण नाव इबीदुन, वय नऊ, जीभ तिखट आणि अंगात नाटकं भरपूर. मागं एकदा गणिताची परीक्षा होती त्या सकाळी हिनं पोट धरून असा काही टाहो फोडला की अदुकेनं घाबरून तिला घरी ठेवलं, आल्याचं पाणी पाजलं, पोटाला तेल चोळलं. दुपारी पाहते तर बाईसाहेब गल्लीत खडूचे चौकोन आखून एका पायावर लंगडी घालतायत. शेजारची तलातू सकाळी बाजरीची पेज आणि चवळीचे वडे विकायची. तिच्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच. ती भर गल्लीत ओरडली, "इया इबी, अगं धाव! तुझा पेशंट बरा झाला बघ!" पुढं कितीतरी दिवस अदुके दिसली की बायका पोट धरून कण्हायच्या. अदुकेनं तेव्हाच मनाशी ठरवलं, की पुन्हा काही ही पोरगी आपल्याला फसवणार नाही.

त्या वर्षी उन्हाळा फार वाईट होता. भिंती दिवसभर तापायच्या आणि पहाटेपर्यंत गरम राहायच्या. माणसं अंगणात चटया टाकून निजायची. शहरात मानेचा ताप फिरतोय असं लोक बोलायचे, पण ते दर उन्हाळ्यात बोलतात. शाळेच्या फाटकावर तिथली शिक्षिका आंटी रिफ्कातू रोज उभी असायची आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोराच्या कपाळाला तळहाताची मागची बाजू लावायची. तिनं सगळ्या आयांना गोळा करून बजावलं होतं, "अंगात ताप असेल, उलटी झाली असेल, तर पोराला घरी ठेवा. एक दिवस बुडला तर आभाळ कोसळत नाही."

आयांनी माना डोलावल्या. घरी ठेवा म्हणणं सोपं असतं. जिचा बाजारात टोमॅटोचा ठेला आहे तिनं आजारी पोर कुणाच्या गळ्यात घालायचं? म्हणून त्यांच्यात एक युक्ती ठरलेली होती, तिच्याबद्दल कुणी बोलत नसे आणि सगळ्याजणी ती करत. घरून निघताना पोराला गोळी द्यायची. फाटकापर्यंत पोहोचेस्तोवर घाम फुटतो आणि कपाळ गार पडतं. आंटी हात लावते, "जा" म्हणते. पुढं दुपारी काय व्हायचं ते होईल.

बाकीच्यांना निदान ठेल्याची सबब होती. अदुकेला कुठलीच नव्हती. तिचं काम घरापुढच्या छपरात चाले, पोर घरी राहिलं असतं तर डोळ्यांसमोरच राहिलं असतं. हे तिला पुढं कुणी सांगावं लागलं नाही.

सत्राच्या शेवटच्या शुक्रवारी शाळेत संस्कृतीचा दिवस होता. प्रत्येक जमातीची मुलं आपापल्या पोशाखात यायची. हौसा मुली दुधाचे भोपळे डोक्यावर घेऊन चालायच्या, इग्बो मुलं मुखवटे घालून नाचायची, आणि अदुकेच्या योरुबांचं लग्न असायचं. आदल्या वर्षी नवरीचा मान बँकेतल्या साहेबाच्या मुलीला मिळाला होता आणि इबी मागच्या रांगेत पंखा धरून उभी होती. अदुकेनं तो पंखा वर्षभर मनात धरून ठेवला. यंदा नवरी इबी होती. अदुकेनं आपल्या लग्नातलं हातमागाचं जाड लाल कापड पेटीतून काढलं, कात्री लावताना एकदा डोळे पुसले, आणि पोरीच्या मापाचं करून टाकलं. इबीचा बाप कांद्याचा ट्रक घेऊन इबादानला गेला होता. त्याला ती फोनवर म्हणाली, "तू नाहीस तेच बरं. मी कापड कापलं ते बघून रडला असतास."

योरुबांची नवरी माहेर सोडताना रडते. नुसती रडत नाही, गाऊन रडते, आईबापांचा निरोप घेते. मान खाली घालायची, डोक्यावरून पदर घ्यायचा आणि रडायचं; जिचं रडणं खरं वाटेल ती नवरी चांगल्या घरची. अदुकेनं महिनाभर इबीकडून ते रडणं घोटून घेतलं. पण इबीला मेलीला ऐन वेळी हसू फुटायचं. "आई गं, दारापर्यंत तरी ये," ही पहिली ओळ आली की हिच्या गालाला खळी पडलीच. "अगं, निदान कांदा तरी बघ डोळ्यांपुढं," अदुके वैतागून म्हणायची.

गुरुवारी दुपारी छपरात पोरींची रांग लागली. सगळ्या कार्यक्रमातल्या. तलातूची मुलगी लादी पहिली बसली, ती इबीच्या वर्गात, इबीच्याच बाकावर बसायची. सगळ्यात शेवटी अदुकेनं इबीला दोन गुडघ्यांत घेतलं. शुकू घालायची होती. सगळ्या वेण्या चहूबाजूंनी चढत टाळूवर जातात आणि तिथं एकत्र बांधतात. फणीच्या टोकानं भांग पाडला आणि पहिली वेणी आवळली तशी इबी कळवळली.

"आई, डोकं दुखतंय."

"दुखणारच. नवरी आहेस ना?"

"आधीपासून दुखतंय."

"आधीपासून दुखायला मी आधी हात कुठं लावला होता? गप बस."

इबी गप बसली. एरवी अशा बोलण्यावर तिनं तीन उत्तरं दिली असती. अदुकेला वाटलं, उद्याची धास्ती आहे. तिनं त्या दिवशी आपल्या सगळ्या कसबानं वेण्या घातल्या. एक केस इकडंतिकडं नव्हता.

शुक्रवारी सकाळी इबीनं तलातूची पेज दोन घोट घेतली आणि अंगणाच्या कोपऱ्यात ओकून टाकली. परत येऊन भिंतीकडं तोंड करून बसली. दारातून ऊन येत होतं, तर म्हणाली, दार लाव.

"आई, आज नको जायला."

अदुकेनं तिच्या गालाला हात लावला. गाल गरम होता. तिला ते कळलं नाही असं नाही. पण भिंत गरम होती, पाण्याचा माठ गरम होता, तिचा स्वतःचा हात गरम होता. पेटीवर लाल कापड घडी घालून ठेवलेलं होतं.

"गणित आहे का आज?" अदुके म्हणाली.

"नाही."

"मग पोट कशाला दुखतंय?"

"पोट नाही. डोकं. आणि मान."

"माझ्या वेण्यांनी मान कुणाची धरली नाही ते सांग. मोठाल्या बायकांची धरते. ऊठ."

तिनं गोळी दिली. गोळी वेण्यांसाठी होती; आणि फाटकासाठीही होती.

बाहेर पडताना तलातू कढईपाशी बसली होती. योरुबाच्या मुलीनं मोठ्या माणसापुढं गुडघे टेकून नमस्कार करायचा असतो, आणि इबी कितीही द्वाड असली तरी यात चुकत नसे. तिनं गुडघे टेकले. पण मान झुकली नाही. ती तशीच ताठ, हनुवटी वर धरून, समोर बघत राहिली.

तलातू हसली. "अगं बाई! नवरी झाली म्हणून एवढा ताठा? कालपरवापर्यंत माझे वडे चोरत होतीस."

"राहू दे," अदुके म्हणाली. "आज तिचा दिवस आहे." आणि खरंच त्या ताठ मानेकडं बघून तिची छाती अभिमानानं भरून आली. ही गोष्ट ती स्वतःला कधी माफ करू शकली नाही. बाकी सगळ्याला काहीतरी कारण सापडायचं, याला सापडायचं नाही.

"लादी कुठाय?" तिनं विचारलं.

"पुढं गेली. तिचंही डोकं ठणकतंय रात्रीपासून. काय हात आहे बाई तुझा! पोरींची कवटी उसवशील एक दिवस."

फाटकावर आंटी रिफ्कातूनं इबीच्या कपाळाला हात लावला. कपाळ घामेजलेलं आणि गार होतं. "जा नवरीबाई," आंटी म्हणाली.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला नाही, कारण कुठलाच होत नाही. पाहुण्यांची वाट बघण्यात उन्हं डोक्यावर आली. मग भाषणं झाली, मुखवटे नाचले, लादी आणि तिच्याबरोबरच्या मुली भोपळे घेऊन फिरून गेल्या. शेवटी ढोल वाजले आणि योरुबांचं लग्न निघालं. लाल कापडात, गळ्यात पोवळ्याच्या माळा घातलेली इबी दोघींच्या मधे हळूहळू चालत आली. अदुकेच्या शेजारच्या बायका म्हणाल्या, "चालते कशी बघ! अगदी खऱ्या नवरीसारखं जड पाऊल."

"मान खाली, नवरी, मान खाली!" आंटी रिफ्कातू मागून पुटपुटली. इबीनं मान खाली घातली नाही. कुणीतरी मागून ओरडलं, "आजकालच्या मुली! नवऱ्यापुढं मान झुकवायच्या नाहीत!" सगळं मैदान हसलं. अदुकेही हसली.

मग इबीनं तोंड उघडलं. "आई गं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. पुढची ओळ आली नाही. "आई गं. आई गं." डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. खळी नाही, हसू नाही, नुसतं रडणं, जनावरानं कण्हावं तसं. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की झाडावरचे पक्षी उडाले. म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावून म्हणत होत्या, हे रडणं! हे आमच्या गावाकडचं रडणं! एक आजी तर अदुकेचा हात धरून म्हणाली, "पोरीला चांगलं शिकवलंस गं."

लोक नोटा घेऊन पुढं धावले. नाचणाऱ्याच्या, नवरीच्या कपाळाला नोट चिकटवायची ही तिकडची रीत. पण अदुकेच्या आधी कुणी कुणाला पुढं जाऊ देईना. पहिली नोट आईची, असं म्हणून त्यांनी तिलाच पुढं ढकललं. कमरेच्या गाठीतून शंभर नायराची नोट काढून ती हसत हसत मैदानात गेली आणि तिनं ती इबीच्या कपाळावर दाबली.

तव्यावर हात पडावा तसा तिचा हात भाजला.

इबीनं तिच्याकडं पाहिलं. पण ती आईकडं बघत होती की नाही कुणास ठाऊक. एक डोळा भलतीकडं वळला होता. अदुकेच्या मनात तेव्हा काय आलं? पोरीला उचलून पळावं असं आलं. पण त्याच्या आधी, निमिषभर का होईना, हे आलं की सगळे बघतायत, एवढं गाणं होऊन जाऊ दे. तेवढ्यात इबी मागच्या मागं कोसळली. टाळ्या चालूच होत्या. नवरी शोकानं मूर्च्छित पडली असं लोकांना वाटलं.

सरकारी दवाखान्यात एकेका खाटेवर दोन दोन पोरं होती. तरुण डॉक्टरनं इबीच्या डोक्याखाली हात घालून डोकं वर उचललं, तर मानेबरोबर पाठसुद्धा फळीसारखी वर आली.

"मान अशी कधीपासून आहे?"

"कालपासून," अदुके म्हणाली. "मी वेण्या घातल्यापासून. वेण्यांमुळं आहे ते, डॉक्टर. माझा हात जड आहे. कुणालाही विचारा."

डॉक्टरनं तिच्याकडं एकदा बघितलं. त्यानं नर्सला सुई तयार करायला सांगितली. पोरीच्या पाठीतून पाणी काढलं, ते काचेच्या नळीत गढूळ दिसत होतं. "मेंदूच्या आवरणाला सूज आहे," तो म्हणाला. "उलटी झाली होती? उजेड सोसत नव्हता? मग आज शाळेत कशी पाठवली?"

 अदुके इबीच्या उशाशी बसली आणि वेण्या सोडू लागली. डॉक्टर काही का म्हणेना, तिचं मन मानत नव्हतं. तिला वाटत होतं, केस सुटले की मान सुटेल. टाळूवरची गाठ तिनं दातांनी तोडली. एक वेणी सोडली, दुसरी सोडली. स्वतः घातलेलं इतकं घट्ट होतं की नखं तुटली. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या हाताचा राग आला. प्रत्येक वेणी सुटल्यावर ती इबीच्या मानेखाली हात घालून बघायची. शेवटची वेणी सुटली, सगळे केस उशीवर मोकळे पसरले, भांगांच्या जागी लाल रेषा तेवढ्या उरल्या. मान होती तशीच राहिली.

तेव्हा तिला लादी आठवली.

फोन लागला तेव्हा तलातूच्या मागं भांड्यांचा आवाज येत होता. "अगं कशी आहे पोर? आम्ही सगळे दुवा करतोय."

"लादी कुठाय?"

"झोपलीय. डोकं धरून बसली होती, गोळी देऊन निजवली. तुझ्या वेण्या, दुसरं काय. उठली की सोडते."

"वेण्या नाहीत गं!" अदुके एवढ्यानं किंचाळली की खाटांवरच्या आया उठून उभ्या राहिल्या. "माझ्या वेण्यांनी काही होत नाही! ऐकलंस? माझ्या वेण्यांनी कधी कुणाचं काही झालं नाही! पोरीला उचल आणि रिक्षात घाल! आत्ता!"

लादी वेळेत आली. तिला सुया लागल्या, आणि आठवड्यात ती उठून बसली आणि वडे मागू लागली. तलातू अदुकेच्या गळ्यात पडून रडली, म्हणाली, माझी पोरगी तू वाचवलीस. अदुके खांबासारखी उभी राहिली.  एका पोरीला हाक वेळेत गेली होती, आणि ती तिची नव्हती.

इबीही जगली. डॉक्टर म्हणाले, नशीब. शुद्धीवर आली तेव्हा ती कुणाशी बोलेना. अदुके तिच्याशी तासन्‌तास बोलायची, ती नुसती ओठांकडं बघायची. अदुकेला वाटलं, रागावलीय. रागवायचा हक्क आहे तिचा. म्हणून ती माफी मागत राहिली. मग एका दुपारी नर्सच्या हातून इबीच्या मागं पितळी तबक फरशीवर पडलं. अख्खा वॉर्ड दचकला, तान्ही पोरं रडायला लागली. इबी खिडकीबाहेर बघत होती, ती बघतच राहिली.

आंटी रिफ्कातू घरी येऊन गेली. बराच वेळ रडली. "मी फाटकावर हात लावला होता इया इबी, कपाळ गार होतं. मला कसं कळलं नाही?"

"गोळी दिली होती मी," अदुके म्हणाली.

आंटीनं डोळे पुसायचे थांबवले. मग खाली बघत, ती ज्या कामासाठी आली होती ते तिनं सांगितलं. शाळेकडं अशा मुलांना शिकवायची सोय नाही. वर्गात साठ मुलं आहेत. तिकडं दूर, मोठ्या शहरात एक शाळा आहे म्हणतात, चौकशी करून कळवते. तिनं पुढं काही कळवलं नाही, आणि अदुकेनंही विचारलं नाही.

आता इबी घरी असते. अंगात ताप नाही, पोट दुखत नाही, आणि रोज घरी असते. सकाळी लादी शाळेच्या कपड्यांत दारावरून जाते तेव्हा ती उंबऱ्यावर उभी राहून बघते. कुणी मोठं माणूस आलं की अजून गुडघे टेकते, आणि आता मान खाली झुकते. म्हातारी माणसं तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. ती वर बघून त्यांचे ओठ थांबायची वाट बघते.

अदुकेकडची गिऱ्हाइकं रोडावली. तिच्या वेण्या दोन दिवसांत सुटतात अशी तक्रार आहे. बाया समजून घेतात, पण पैसे टाकून सैल वेण्या कोण घालून घेणार? दुकानदार गोळ्यांबद्दल काही बोलत नाही.

नव्या सत्राच्या आदल्या रविवारी छपरात पोरी बसल्या होत्या. त्या उठून गेल्यावर इबी फणी घेऊन आली आणि न सांगता आईच्या दोन गुडघ्यांत पाठ करून बसली. अलीकडं तिचा आवाज मोठा झाला होता, तिला तो कळत नसे. "शुकू घाल," ती गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली. "सगळ्यांची शुकू आहे."

अदुकेनं भांग पाडला. केस हातात घेतले, आणि हात आपोआप आवळू लागला तसा तो तिनं थांबवला. इतक्या वर्षांत तिनं समोर बसलेल्या कुठल्याच पोरीला जे विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं.

"दुखतंय का गं?"

इबीचं तोंड गल्लीकडं होतं. अदुके केस धरून तशीच थांबली. मग तिनं पुन्हा विचारलं.